नाव्हारा: डोंगर, भाषा आणि सनदा

झेवियर हें नांव आपल्याकडे कोणास ठाऊक नाहीं? मुंबईंत त्या नांवाचें कॉलेज इ. स. १८६९ पासून चालूं आहे. गोव्यांत व वसईकडे तर तें घरोघर ऐकूं येतें. परंतु हा शब्द मुळांत कोणत्या भाषेंतला, असें विचारलें तर बहुतेक जण पोर्तुगीज म्हणतील, फार तर लॅटिन म्हणतील. तो या दोन्ही भाषांतला नव्हे. बास्क भाषेंत ‘एचे’ म्हणजे घर आणि ‘बेरी’ म्हणजे नवें. ‘एचेबेरी’ म्हणजे नवें घर. हा शब्द शेजारच्या लॅटिनजन्य भाषा बोलणारांच्या तोंडीं घासत घासत ‘शाव्हिएर’ व पुढें ‘हाव्हिएर’ असा झाला. स्पेनच्या उत्तर भागांत पिरिनीज पर्वताच्या पायथ्याकडे या नांवाचें एक लहानसें खेडें व तेथें एक किल्ला आहे. त्या किल्ल्यांत ७ एप्रिल १५०६ रोजीं फ्रान्सिस झेवियरचा जन्म झाला. तो किल्ला ज्या प्रदेशांत आहे, त्या नाव्हाराविषयीं आज बोलावयाचें मीं योजिलें आहे.

प्रथम नकाशा डोळ्यांपुढें आणा. फ्रान्स व स्पेन यांच्यामध्यें पिरिनीजची भिंत पूर्व-पश्चिम उभी आहे. तिचें पश्चिमेकडील टोंक जेथें उतरूं लागतें, तेथें तिच्या दक्षिण अंगास नाव्हारा पसरलेला आहे. क्षेत्रफळ सुमारें १०,४०० चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या जवळजवळ तिप्पट. लोकवस्ती मात्र सात लाखांच्या आंतली, गोव्याच्या निम्मीहि नाहीं. आणि तिच्यांतली निम्म्याहून अधिक माणसें राजधानी पांप्लोना व तिच्या आसपासच्या वस्त्यांतून एकवटलेलीं. समुद्र अगदीं हाकेच्या अंतरावर असून प्रांताला किनारा म्हणून नाहीं. उत्तरेच्या टोंकापासून दक्षिणेच्या टोंकापर्यंत सरळ अंतर दीडशें किलोमीटरांच्या सुमाराचें. पण तेवढ्या अंतरांत हवापाण्याचा जो पालट होतो, त्याची कल्पना आपणांस सह्याद्रीवरूनच येईल. महाबळेश्वरचें धुकें सोडून माणदेशांत उतरावें, तसें कांहींसें तें आहे.

उत्तरेकडील खोऱ्यांत पाऊस दीड-दोन हजार मिलिमीटरांपर्यंत पडतो. बास्तानचें खोरें घ्या. वर्षभर हिरवीं कुरणें, बीच आणि ओक यांचीं रानें, आणि उतारावर दूरदूर विखुरलेलीं पांढऱ्या भिंतींचीं, तांबड्या दगडांच्या कोपऱ्यांचीं भव्य घरें. पूर्वेकडे इरातीचें अरण्य आहे. सतरा हजार हेक्टरांच्या सुमाराचें हें बीच व फर वृक्षांचें रान युरोपांतील मोठ्या रानांपैकीं एक समजलें जातें. याहि पूर्वेस रोंकालचें खोरें. तेथील लोक ओंडके वेलींनीं बांधून त्यांचे तराफे वसंताच्या पुरावर सोडीत आणि त्यांवर स्वार होऊन एब्रो नदीपर्यंत व तेथून खालच्या बाजारपेठांपर्यंत जात. येसाचें धरण झालें आणि विसाव्या शतकाच्या मध्यास हा धंदा संपला. हल्लीं वर्षांतून एकदां हौसेनें तराफा सोडतात. २०२२ सालीं युनेस्कोनें युरोपांतील अशा तराफ्यांच्या विद्येस मानवजातीच्या ठेव्यांत स्थान दिलें.

दक्षिणेस उतरलें कीं डोंगर मागें पडतात, आभाळ मोठें होतें आणि पाऊस चारशें मिलिमीटरांच्याहि खालीं येतो. एगा, आर्गा व आरागोन या नद्यांचें पाणी येथें एब्रोला मिळतें. नदीकांठच्या पाटाच्या पाण्यावर शतावरीचे कोंब, हातीचोक आणि लोदोसाच्या बारीक तांबड्या मिरच्या पिकतात. या मिरच्या आपल्या जिभेला तिखट लागणार नाहींत, हें आधींच सांगून ठेवतों. पाटाचें पाणी जेथें पोंचत नाहीं तेथें बार्देनासचें माळरान लागतें. बेचाळीस हजार हेक्टरांची ही ओसाड भूमि. मातीचे चित्रविचित्र सुळके, कोरडे ओढे आणि वारा. ही जमीन कोणा एकाच्या मालकीची नसून तिचा उपभोग बावीस हक्कदारांचा आहे. त्यांत आसपासचीं एकोणीस गांवें आहेत, एक मठ आहे आणि नवलाची गोष्ट ही कीं उत्तरेकडील रोंकाल व सालासार या दोन डोंगरी खोऱ्यांचाहि हक्क आहे. दरवर्षीं १८ सप्टेंबरला डोंगरांतले मेंढपाळ आपले कळप घेऊन या माळावर शिरतात आणि उन्हाळा येईपर्यंत तेथें राहतात. आपल्या धनगरांच्या वाटा ज्यांनीं पाहिल्या आहेत त्यांना हें निराळें समजावून सांगावयास नको. १९५१ पासून याच माळाच्या मध्यभागीं लष्करी विमानांच्या बाँबफेकीच्या सरावाचें मैदान आहे. मेंढ्या व विमानें दोन्ही तेथें अजून नांदत आहेत.

एब्रोकांठचें तुदेला हें जुनें शहर मुसलमानी अमलांतून १११९ सालीं ख्रिस्ती राजाकडे आलें. मुसलमान, यहुदी व ख्रिस्ती हे तिघेहि तेथें दीर्घकाळ शेजारीं राहिले. या गांवचा बेन्यामिन नांवाचा एक यहुदी बाराव्या शतकांत पूर्वेकडे प्रवासास निघाला. त्याच्या प्रवासवृत्तांत मलबारकिनाऱ्यावरील कोल्लमची व तेथील मिऱ्यांची हकीकत आहे. तो स्वतः तेथवर आला कीं ऐकीव सांगितलें याविषयीं विद्वानांस शंका आहे. तें कसेंहि असो, वास्को द गामाच्या आधीं तीनशें वर्षें नाव्हारांतील एका माणसाच्या लेखणींतून आपल्या मिऱ्यांचा उल्लेख उतरला. १४९८ सालीं, म्हणजे ज्या वर्षीं गामा कालिकतास पोंचला त्याच वर्षीं, नाव्हारांतून यहुद्यांची हकालपट्टी झाली.

आतां भाषेकडे वळूं. कारण या प्रदेशांतला खरा तिढा तिच्यापाशीं आहे.

बास्क लोक आपल्या भाषेला एउस्कारा म्हणतात. युरोपांतील बहुतेक भाषा आपल्या संस्कृताच्या दूरच्या आप्त आहेत. हंगेरी व फिनलंड येथील भाषांचें कूळ वेगळें, पण त्यांनाहि आपसांत नातें आहे. एउस्काराला मात्र जगांत आज एकहि हयात नातलग सांपडलेला नाहीं. रोमन येण्यापूर्वींपासून ती तेथेंच आहे. २०२१ सालीं पांप्लोनाजवळ इरुलेगी नांवाच्या टेंकडीवर उत्खननांत काशाचा एक पंजा मिळाला. पुढल्या वर्षीं त्याची बातमी जगभर झाली. इसवी सनापूर्वीं पहिल्या शतकांतील हा पंजा घराच्या दारावर लावीत असावेत असें मानतात, आणि त्यावर चार ओळी कोरलेल्या आहेत. पहिला शब्द ‘सोरिओनेकु’ असा वाचण्यांत आला. आजच्या बास्क भाषेंत ‘सोरिओनेको’ म्हणजे भाग्याचा, शुभ. हें वाचन व हा अर्थ सर्वांना मान्य नाहीं. बाकीच्या ओळी तर अजून उलगडलेल्या नाहींत.

व्याकरणाची आवड ज्यांस आहे त्यांच्यासाठीं एक गंमत सांगतों. बास्क भाषेंत ‘माणूस आला’ याला ‘गिसोना एतोरी दा’ म्हणतात. पण ‘माणसानें सफरचंद खाल्लें’ म्हणावयाचें झालें कीं ‘गिसोनाक सागारा यान दू’. पहिल्या वाक्यांत ‘गिसोना’, दुसऱ्यांत ‘गिसोनाक’. हा शेवटचा ‘क’ म्हणजे हुबेहुब आपला ‘नें’. इंग्रजी शिकवितांना ‘रामानें आंबा खाल्ला’ यांतला ‘नें’ कोठें गेला, असा प्रश्न चांगले विद्यार्थी हमखास विचारतात. बास्क शिकवितांना तो प्रश्न उद्भवणारच नाहीं. शिवाय कर्ता, कर्म, क्रियापद हा वाक्यांतला क्रमहि आपल्यासारखाच. फरक इतकाच कीं आपण हा ‘नें’ भूतकाळींच मुख्यतः लावतों, ते सर्व काळीं लावतात. त्यांची संख्याहि विसांवर चालते. ओगेई म्हणजे वीस, बेरोगेई म्हणजे दोन विसा, इरुरोगेई म्हणजे तीन विसा. सत्तर म्हणावयाचे तर ‘तीन विसा आणि दहा’. आपल्या खेड्यांतल्या म्हाताऱ्या याच रीतीनें मोजीत. एवढ्यावरून कोणी मराठी व बास्क यांचें सोयरपण जोडूं लागेल, तर मात्र घाई होईल. ‘नें’सारखा प्रत्यय कॉकेशसांतील जॉर्जियन भाषेंतहि आहे. दोन गांवांत एकाच तऱ्हेची विहीर असली म्हणून पाणी एका झऱ्याचें ठरत नाहीं.

या लोकांना बास्क हें नांव कोठून मिळालें? रोमन लेखकांनीं व्हास्कोन नांवाच्या एका जमातीचा उल्लेख केला आहे, तिच्यावरून. आणि ही जमात राहत होती ती प्रामुख्यानें आजच्या नाव्हारांत. पॉम्पे या रोमन सेनापतीनें इसवी सनापूर्वीं ७५ च्या हिंवाळ्यांत त्यांच्या एका वस्तीपाशीं तळ दिला, त्यावरून पांप्लोना हें नांव झालें. बास्क भाषेंत तिला अजून इरुन्या म्हणतात. ११६७ सालच्या, गुरांच्या चराईसंबंधींच्या एका करारांत एउस्काराला ‘नाव्हारी लोकांची भाषा’ असेंच म्हटलें आहे. त्याच शतकांत सांतियागोच्या यात्रेस निघालेल्या एका फ्रेंच धर्मगुरूनें नाव्हारी लोकांची मनसोक्त निंदा करून ठेवली आहे. ते खातात कसे, नेसतात काय, साऱ्यालाच तो नांवें ठेवतो. पण शिव्या देतां देतां त्यानें भाकरी, मद्य, पाणी, मासे, देव यांना हे लोक काय म्हणतात तें टिपून घेतलें, आणि तीच आज बास्क भाषेची एक अतिशय जुनी शब्दयादी म्हणून विद्वान् लोक जपून वापरतात.

आणि आतां हें पाहा. बास्क माणसाला त्यांच्या भाषेंत ‘एउस्काल्दुन’ असा शब्द आहे. त्याचा शब्दशः अर्थ ‘ज्याच्यापाशीं एउस्कारा आहे तो’. वंश नव्हे, रक्त नव्हे. भाषा असेल तो बास्क. या कसोटीनें ज्या भूमीनें बास्कांस नांव दिलें, तेथीलच सातांत जेमतेम एक माणूस आज बास्क ठरतो. बाकीचे स्पॅनिश बोलतात. तुदेलाकडच्या गांवांत तर एउस्कारा कित्येक शतकें घरांत बोललीच गेलेली नाहीं. म्हणून नाव्हारा हा बास्क देशाचा भाग कीं स्वतंत्र घर, या प्रश्नावर तेथें एका जेवणाच्या टेबलाभोंवतीं बसलेल्या भावाभावांत मतभेद होतो.

भाषा मागें कशी हटली याचें साधन उपलब्ध आहे. नेपोलियनचा एक पुतण्या, राजपुत्र लुई-ल्यूसियाँ बोनापार्ट, याला राजकारणापेक्षां भाषाशास्त्राचा नाद अधिक होता. त्यानें खेडोपाडीं चौकशी करून बास्क बोलींचा नकाशा केला. त्यावर १८६३ हें साल आहे. त्या नकाशांतली भाषेची सीमा आणि आजची सीमा यांची तुलना केली म्हणजे पांप्लोनाच्या भोंवतालचा पट्टा कसा कोरडा होत गेला तें दिसतें. कारणें अनेक होतीं: सडका, लष्करभरती, शहरांतली नोकरी, कचेरीची भाषा. परंतु त्यांत शाळेचाहि वांटा होता, आणि मीं आयुष्य शाळेंत घालविलेलें असल्यामुळें तो सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं.

मुलाच्या तोंडून वर्गांत किंवा खेळतांना बास्क शब्द निघाला कीं मास्तर त्याच्या हातीं एक आंगठी देई. त्या मुलानें दुसऱ्या कोणाला बास्क बोलतांना पकडावयाचें आणि आंगठी त्याच्या हवालीं करावयाची. आठवड्याच्या अखेरीस ती ज्याच्याजवळ सांपडेल त्याला मार किंवा दंड. ही पद्धत अठराव्या शतकापासून विसाव्या शतकापर्यंत ठिकठिकाणीं चालूं होती. छडी आम्हां मास्तरांस अपरिचित नव्हती. पण मुलानें मुलावर पाळत ठेवावी आणि तीहि आईनें शिकविलेल्या शब्दासाठीं, ही युक्ति ज्याला सुचली त्याला शिक्षक म्हणवत नाहीं. अशा मुलांनीं मोठेपणीं आपल्या लेकरांशीं घरांत स्पॅनिशच बोलावयाचें ठरविलें, तर त्यांना दोष कसा द्यावा? त्यांना लेंकरांचे हात वांचवावयाचे होते.

रोंकाल खोऱ्याची स्वतःची एक बोली होती, इतर बास्क बोलींहून बरीच वेगळी. फिदेला बेर्नात नांवाच्या वृद्धा ती बोलणाऱ्या शेवटच्या. १९९१ सालीं त्या वारल्या आणि बोली संपली. त्यांचें बोलणें ध्वनिमुद्रित करून ठेवलेलें आहे. तें ऐकतां येतें. त्याला उत्तर देणारें मात्र कोणी उरलें नाहीं.

उलट बाजूहि आहे. फ्रांकोच्या हुकूमशाहींतच, १९६० नंतर, आईबापांनीं वर्गणी काढून बास्क माध्यमाच्या शाळा काढल्या. त्यांना इकास्तोला म्हणतात. प्रारंभीं त्या कोणाच्या तरी घरांतल्या खोलींत भरत. १९८१ पासून या शाळांसाठीं दरवर्षीं एक मोठी पदयात्रा व जत्रा भरते आणि जमलेला पैसा एखाद्या शाळेच्या इमारतीस जातो. १९८६ सालच्या कायद्यानें नाव्हाराचे भाषेच्या दृष्टीनें तीन पट्टे पाडले: उत्तरेस बास्क पट्टा, मध्यें मिश्र, दक्षिणेस बास्केतर. कोठें राहतां यावर सरकारी कचेरींत तुमच्या भाषेचा हक्क ठरतो. हा तोडगा कोणालाच पुरता पसंत नाहीं. एका पक्षाला तो कृपण वाटतो, दुसऱ्याला उधळा. तरी तरुणांत बास्क जाणणारांचें प्रमाण आज म्हाताऱ्यांपेक्षां अधिक आहे, ही गोष्ट खरी.

इतिहास मीं थोडक्यांत सांगणार आहें, कारण सारा सांगावयाचा तर दहा भाषणें होतील. ७७८ सालीं शार्लमान बादशहा पांप्लोनाचे तट पाडून परतत असतां रोंसेस्वायेसच्या खिंडींत बास्कांनीं त्याच्या पिछाडीवर झडप घातली व तिच्यांतला सरदार रोलाँ मारला गेला. फ्रेंच कवींनीं पुढें त्याचें महाकाव्य केलें आणि मारेकरी मुसलमान ठरविले. डोंगरांतल्या मेंढपाळांकडून पराभव होणें त्यांना कमीपणाचें वाटलें असावें. नवव्या शतकांत पांप्लोनाचें राज्य उभें राहिलें. थोरला सांचो याच्या काळीं, १००४ ते १०३५, स्पेनमधील ख्रिस्ती राजांत त्याच्या तोडीचा कोणी नव्हता. १५१२ सालीं आरागोनच्या फर्दिनांदाच्या वतीनें आल्बाच्या ड्यूकनें पांप्लोना घेतलें आणि तीन वर्षांनीं हें राज्य कास्तीलच्या मुकुटास जोडलें गेलें. पिरिनीजपलीकडचा लहान तुकडा तेवढा जुन्या घराण्याकडे राहिला; त्याच घराण्यांतला आँरी १५८९ सालीं फ्रान्सचा राजा झाला.

या पडझडींत झेवियरचें बालपण गेलें. बाप नाव्हाराच्या राजमंडळाचा अध्यक्ष. तो १५१५ त वारला. दुसऱ्या वर्षीं कास्तीलच्या कारभाऱ्यांच्या हुकुमानें हाव्हिएरच्या किल्ल्याचे बुरूज पाडले. पोर दहा वर्षांचें होतें. त्याचे दोघे थोरले भाऊ पदच्युत राजाच्या बाजूनें लढत राहिले. २० मे १५२१ रोजीं त्या बाजूच्या फौजा पांप्लोनावर चालून आल्या, तेव्हां कास्तीलतर्फें किल्ला लढविणारा एक बास्क सरदार तोफेच्या गोळ्यानें पायाला जायबंदी झाला. तो लोयोलाचा इग्नेशियस. आठ वर्षांनीं तोच लंगडा मनुष्य पॅरिसच्या एका विद्यालयांत झेवियरच्या खोलींत राहावयास आला! जेझुइट पंथाचा पाया या दोघांनीं व त्यांच्या सोबत्यांनीं घातला. झेवियर ६ मे १५४२ रोजीं गोव्यास उतरला. मासेमारी किनाऱ्यावरील आपल्या खटपटीची हकीकत १५४४ सालीं लिहितांना, त्या लोकांची भाषा मलबारी व आपली जन्मभाषा बास्क, त्यामुळें एकमेकांचें बोलणें कळत नसे, असें तो सांगतो. गोव्यांत त्याचें शव आजहि आहे. अलीकडे तें नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळांत दर्शनास ठेविलें होतें. त्याच्याविषयीं भाविकांची भावना मी जाणतों. पण गोव्यांत धर्मन्यायासन, ज्याला इन्क्विझिशन म्हणतात तें, पाठवावें अशी विनंती पोर्तुगालच्या राजास १५४६ सालीं त्यानेंच केली, हेंहि लपवितां येत नाहीं. तें १५६० सालीं, त्याच्या मरणानंतर, आलें व १८१२ पर्यंत राहिलें.

या न्यायासनाचा अनुभव खुद्द नाव्हारालाहि आला. सुगारामुर्दी या सरहद्दीवरच्या खेड्यांतील माणसांवर चेटकाचा आरोप होऊन १६१० च्या नोव्हेंबरांत लोग्रोन्यो येथें अकरा जणांना जाळण्याची शिक्षा झाली; सहांना जिवंत जाळलें, पांच तुरुंगांतच मेले होते म्हणून त्यांच्या प्रतिमा जाळल्या. मात्र त्या न्यायाधीशांपैकींच आलोन्सो दे सालासार फ्रियास यानें पुढें गांवोगांव हिंडून शेंकडों कबुल्या तपासल्या आणि असा निर्वाळा दिला कीं, या गोष्टींची चर्चा सुरू होईपर्यंत तेथें चेटकिणीहि नव्हत्या आणि पछाडलेलीं माणसेंहि नव्हतीं. १६१४ पासून स्पेनच्या न्यायासनानें चेटकाच्या खटल्यांत हात आंखडता घेतला. युरोपांतील इतर देश त्यानंतरहि कित्येक वर्षें बायका जाळीतच होते. अशा न्यायाधीशाचें नांव सुगारामुर्दीच्या यात्रेकरूंना ठाऊक असावयास हवें.

आतां सनदा. नाव्हाराचे जुने हक्क व रिवाज यांस ‘फुएरो’ म्हणतात. जुन्या संहितेप्रमाणें राजानें आधीं ते पाळण्याची शपथ घ्यावयाची आणि मग सरदारांनीं त्याला ढालीवर उचलून राजा म्हणावयाचें. क्रम उलट चालत नसे. १५१२ नंतरहि कास्तीलच्या राजांनीं ही शपथ चालूं ठेविली. म्हणून एकोणिसाव्या शतकापर्यंत नाव्हाराची स्वतःची सभा, स्वतःचें नाणें आणि एब्रोवर स्वतःचें जकातनाकें होतें. १८४१ च्या कायद्यानें राज्य हें नांव गेलें, जकातनाकें पिरिनीजवर गेलें, पण कर स्वतः बसवून गोळा करण्याचा हक्क शिल्लक राहिला. १८९३ सालीं गामासो नांवाच्या अर्थमंत्र्यानें तोहि काढूं पाहिला. सारा प्रांत सह्या करीत रस्त्यावर उतरला आणि तो बेत बारगळला. त्या चळवळीच्या स्मरणार्थ १९०३ सालीं पांप्लोनांत वर्गणींतून मोठा स्मारकस्तंभ उभारला. १९३६ च्या यादवी युद्धांत नाव्हाराचे कार्लिस्ट स्वयंसेवक फ्रांकोच्या बाजूनें गेले. बक्षीस म्हणून फ्रांकोनें त्यांचा कराचा हक्क ठेविला आणि विरुद्ध लढलेल्या बिस्के व गिपुस्कोआ या शेजारच्या बास्क प्रांतांचा १९३७ सालीं काढून घेतला. त्याच काळांत नाव्हारांत आघाडी कोठेंहि नसतांना तीन हजारांच्या सुमारास माणसें आपल्याच गांवकऱ्यांच्या हातून मारलीं गेलीं. त्यांचे सांगाडे अद्याप निघत आहेत.

हल्लींची व्यवस्था १९८२ च्या कायद्याची. पन्नास सभासदांचें विधिमंडळ, स्वतःचें सरकार, स्वतःचे पोलीसहि. आपल्याकडे मोठे कर केंद्र गोळा करतें व राज्यांस वांटून देतें. तेथें नेमकें उलट. सारे कर नाव्हारा गोळा करतो आणि संरक्षण, परराष्ट्रव्यवहार अशा माद्रिदच्या कामांसाठीं आपला वांटा भरतो, तो १.६ टक्के धरलेला आहे. इतर प्रांत याला लाड म्हणतात. यंत्रांचे कारखाने, पांप्लोनाचा मोटारीचा मोठा कारखाना, पवनचक्क्या यांमुळें हा प्रांत स्पेनमधील सधन प्रांतांपैकीं एक आहे, म्हणून ही कुरकुर कांहीं अंशीं साहजिकहि आहे. शेजारच्या बास्क स्वायत्त प्रांतांत सामील होण्याची वाट १९७८ च्या राज्यघटनेनें नाव्हारास मोकळी ठेविली. आजपर्यंत नाव्हारानें ती धरलेली नाहीं.

पांप्लोनाच्या बैलांविषयीं मीं अजून अवाक्षर काढलें नाहीं, याचें कांहीं श्रोत्यांना आश्चर्य वाटत असेल. दरवर्षीं ७ ते १४ जुलै, सकाळीं आठ वाजतां, साडेआठशें मीटरांच्या गल्ल्यांतून बैल सुटतात आणि माणसें त्यांच्यापुढें धांवतात. हेमिंग्वेच्या १९२६ सालच्या कादंबरीनें ही धांव जगप्रसिद्ध केली आणि तिच्यापुढें बाकीचा नाव्हारा झांकून गेला. मला विचाराल तर जानेवारीच्या अखेरीस इतुरेन व सुबिएता या दोन खेड्यांतला उत्सव पाहण्यासारखा. पुरुष कमरेला मेंढीचें कातडें गुंडाळतात, डोक्यावर शंकूसारखी उंच टोपी घालतात, पाठीस दोन भल्यामोठ्या घंटा बांधतात आणि एका ठेक्यांत पावलें टाकीत एका गांवाहून दुसऱ्या गांवास जातात. शब्द नाहीं, गाणें नाहीं. फक्त घंटांचा नाद. हिंवाळा झोंपला आहे त्याला उठवावयाचें असतें म्हणतात. कवित्वाचा शौक असेल तर ‘बेर्चोलारी’ ऐकावे. हे आपल्या कलगीतुऱ्याच्या शाहिरांचे भाऊबंद: विषय जागेवर मिळतो आणि वृत्तांत, चालींत, तत्क्षणीं कवन रचून गावयाचें. कवनाचा शेवटचा चरण ते आधीं मनांत जुळवितात व मग पहिल्यापासून त्याच्याकडे चालत येतात.

शेवटीं पुन्हां रोंकालच्या डोंगरांत जाऊं. पलीकडे, फ्रान्सच्या बाजूस, बारेतूचें खोरें आहे. पाणी व कुरणें यांवरून या दोन खोऱ्यांत पिढ्यान् पिढ्या खून पडत. १३७५ सालीं पंचांनीं निवाडा दिला कीं बारेतूच्या लोकांनीं दरवर्षीं रोंकालला तीन गायी द्याव्यात आणि ठराविक दिवसांपुरतीं कुरणें व झरे वापरावेत. दरवर्षीं १३ जुलैला सरहद्दीवरील दगडापाशीं दोन्हीकडचे पाटील जमतात. रोंकालचे काळ्या झग्यांत, फ्रान्सचे तिरंगी पट्टे घालून. एकाचा हात दगडावर, त्यावर दुसऱ्याचा, त्यावर तिसऱ्याचा, अशी हातांची चळत होते. सर्वांत वरचा हात रोंकालच्या प्रमुखाचा. तो तीनदां मोठ्यानें म्हणतो, ‘यापुढें शांतता’. मग गायी पुढें आणतात. त्या दोन वर्षांच्या, एका रंगाच्या, एकसारख्या शिंगांच्या हव्यात, असें निवाड्यांत लिहिलेलें आहे. म्हणून रोंकालचा गुरांचा डॉक्टर पुढें होऊन प्रत्येक गाय तपासतो, दांत पाहतो, शिंगें पाहतो, आणि मान हलवितो. त्यानंतर दोन्ही खोऱ्यांचीं माणसें डोंगरावरच एकत्र जेवावयास बसतात.